आईच्या हातचं औषध : 'शार्प ऑब्जेक्ट्स' वाचल्यावर

वनाजला मेट्रोत बसले ती डेक्कनला उतरायचं म्हणून. हातात हे पुस्तक होतं. मान वर केली तेव्हा स्पीकरमधली बाई 'मंगळवार पेठ' म्हणत होती. तिथून उलटी गाडी पकडून परत आले, तर बहीण डेक्कन स्टेशनच्या जिन्याखाली अळूची जुडी घेऊन अर्धा तास उभी. तिची यथासांग बोलणी खाल्ली. पण साठी उलटल्यावर एखादं पुस्तक आपल्याला चार स्टेशनं पुढं नेऊन सोडतं, याचा आतून थोडा आनंदही झाला. खोटं कशाला बोलू!

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं बोलणं कुठून येतंय ते कळेल. मी लहान मुलांच्या वॉर्डात बत्तीस वर्षं सिस्टर होते. वाचन सगळं मराठी, तेही लायब्ररीतलं. इंग्रजी वाचते, पण हळू, आणि मोबाइलवर शब्दकोश उघडा ठेवून. रहस्यकथा म्हणाल तर मला ती सुपारीसारखी लागते. एक खून, एक हुशार माणूस, शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून उलगडा, आणि आपण दिवा घालवून झोपायचं. हे पुस्तक संपल्यावर मी दिवा घालवला नाही.

भाचीनं नाव सुचवलं, पण तिचं पुस्तक कुणीतरी नेलेलं. मग अप्पा बळवंत चौकात चपलेचा अंगठा तुटेपर्यंत हिंडून जुन्या पुस्तकांच्या एका गाडीवर मिळवलं. दोनशे सांगितले, दीडशेला दिलं. आधीच्या मालकानं पेन्सिलनं जागोजाग खुणा केलेल्या, आणि साधारण नव्वदाव्या पानाच्या आसपास एका व्यक्तीच्या नावापुढं बाण काढून चक्क मराठीत लिहिलेलं, 'हीच!' रहस्यकथेच्या पुस्तकात असं लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी दोन दिवस पुस्तक पालथं घालून ठेवलं रागानं. मग उचललंच.

गिलियन फ्लिन या बाईंची ही पहिली कादंबरी, 2006 सालची. तोवर त्या एका मोठ्या करमणूक-साप्ताहिकात टीव्हीची समीक्षा लिहायच्या. पुढं 2012 मध्ये 'गॉन गर्ल' आली आणि त्यांचं नाव घरोघरी गेलं. भाची तिथून सुरुवात करून मागं आली होती. पण या पहिल्याच पुस्तकाला ब्रिटनच्या गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेचे 2007 मध्ये दोन 'डॅगर' मिळाले, एक पदार्पणासाठीचा आणि एक थरारकथेसाठीचा. बाई मूळच्या अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या, आणि कादंबरीतलं गाव त्याच राज्याच्या पार आग्नेय टोकाला.

गावाचं नाव विंड गॅप. वस्ती फक्त 2,120. आपल्याकडं एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. तिथं गेल्या ऑगस्टात नऊ वर्षांच्या एका मुलीचा गळा आवळून खून झालाय आणि आता दहा वर्षांची दुसरी बेपत्ता आहे. शिकागोतल्या एका दुय्यम वर्तमानपत्राची वार्ताहर कॅमिल प्रीकर हिला संपादक तिकडं धाडतो, कारण ती त्याच गावची. हॉटेलात राहण्याऐवजी माहेरी राहा, असंही सांगतो. माहेर म्हणजे टेकाडावरचं मोठं जुन्या थाटाचं घर, आई अडोरा, सावत्र बाप ॲलन आणि तेरा वर्षांची सावत्र बहीण ॲमा. मधली एक बहीण होती, मॅरियन. सतत आजारी असायची. लहानपणीच गेली. आणि कॅमिल ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालते, कारण तेरा वर्षांची असल्यापासून तिनं आपल्या कातडीवर शब्द कोरलेत. हातावर, पोटावर, मांडीवर. प्रसंग ओढवला की त्यातला एखादा शब्द खाजायला लागतो.

एवढ्यावरून वाटेल की पुस्तक खुनांचं आहे. पोलिस, संशयित, दफनविधी, गावातल्या बायकांच्या कुजबुजी, सगळं आहे. ते बरं आहे. ठीक. पण पुस्तकाचा जीव आहे तो त्या घरात.

अशा गोष्टींत घर पाहिजेच. आणि ते आपलं चौदा बिऱ्हाडांचं घर असून चालत नाही, हे मला वाचताना राहून राहून जाणवत होतं. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. अंधार म्हणाल तर आमच्याकडं काय कमी होता? दिंडी दरवाज्यापाशी दिवसाही चाचपडत यायचं, जिन्याला दोर धरून चढायचं, पोटमाळ्यावर काय आहे ते कुणालाच ठाऊक नसायचं. पण गुपित? नळाला पाणी यायच्या वेळी चौकात उभं राहिलं की कुणाकडं रात्री काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. दोन खोल्यांच्या मधे फळ्यांची भिंत. आमची गुपितं दडवलेली नसत, सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नसे. आणि गंमत म्हणजे फ्लिनबाईंनी विंड गॅप नेमकं असंच रंगवलंय. बाहेरून बघावं तर बंगला एकटा, भोवती झाडं, आत सामसूम. पण जसजशी पानं उलटतात तसं लक्षात येतं की गाव आंधळं नव्हतं. कुणीतरी काहीतरी पाहिलेलं होतं. शिष्टाचार आड आला. अडोराच्या घराण्याचा डुकरांचा मोठा कारखाना आहे, गावाच्या चुली त्यावर चालतात. अशा बाईला कोण काय विचारणार?

वाड्यावरून आणखी एक आठवलं. माझ्या आजीचा एक मुलगा तीन वर्षांचा होऊन घटसर्पानं गेला. त्याची आठवण जपायला आमच्याकडं जागा कुठं होती! दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. त्याची झबली पुढच्या बाळाच्या अंगावर गेली, पाळणा तोच राहिला, आणि आजी त्याचं नाव फक्त सर्वपित्री अमावस्येला घ्यायची. अडोराच्या घरी दुःखाला ऐसपैस जागा आहे. मॅरियन मेली, पण घरातून गेली नाही. अडोरा तिच्या दुःखावर तोरा मिरवते, गावही तिला ते मिरवू देतं. दुसऱ्यांच्या पोरी मेल्या तरी रडण्याचा मान हिचाच. पापण्यांचे केस उपटत बसायची तिची सवय लेखिकेनं इतक्या सहज लिहिलीय की मी वाचता वाचता स्वतःच्या डोळ्याला हात लावून बघितला.

घरातल्या वस्तूही अशाच. अडोराच्या झोपायच्या खोलीत हस्तिदंताची जमीन आहे, तिच्यावर पाऊल टाकायची कुणाला मुभा नाही. आणि ॲमाकडं एक बाहुलीघर आहे, हुबेहूब त्याच घराची नक्कल, खोलीला खोली, खुर्चीला खुर्ची. एकदा मागवलेलं छोटं टेबल मापाला चुकतं तर ही तेरा वर्षांची घोडी असा थयथयाट करते की आपल्याला हसू यावं. मला आलंही. आम्ही भातुकलीत पत्र्याच्या स्टोव्हवर चुरमुऱ्यांचा भात शिजवायचो, आणि ही बया भातुकलीच्या टेबलावरून जीव द्यायला निघालीय, असं वाटलं. त्या हसण्याची पुढं मला लाज वाटली. का, ते सांगत नाही.

आता एक सूचना. खुनी कोण ते मी सांगणार नाहीच. पण या पुस्तकाबद्दल मला जे बोलायचंय ते आईबद्दल आहे, आणि त्यात थोडं फुटणार. ज्यांना काहीच आधी कळायला नको, त्यांनी 'आता तक्रारी' हे शब्द दिसेपर्यंत सरळ खाली उतरावं. राग नाही.

तर, अडोरा सेवा करते. हाच तिचा सगळ्यात भयानक गुण. ती मारत नाही, ओरडत नाही. कपाळावर हात ठेवते, गोळी देते, ग्लास ओठाला लावते, अंग पुसते, पांघरूण घालते. आणि जी मुलगी हे करू देते तीच तिला आवडते. कॅमिल लहानपणी औषध घ्यायला नको म्हणायची, म्हणून ती नावडती. मॅरियन मुकाट घ्यायची, म्हणून लाडकी. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण मी ते पुस्तकात वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

या आजाराला नाव आहे. 1951 मध्ये रिचर्ड ॲशर नावाच्या डॉक्टरांनी स्वतःला खोटं आजारी पाडून दवाखान्यांत फिरणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं आणि म्युंकहाउझेन या थापाड्या जर्मन सरदाराचं नाव त्याला दिलं. 1977 मध्ये रॉय मेडो यांनी दाखवलं की काही जण स्वतःला नाही, तर हातातल्या मुलाला आजारी पाडतात. पाडणारी बहुतेक वेळा आई असते. 2013 पासून मनोविकारांच्या अमेरिकन यादीत नाव बदलून 'दुसऱ्यावर लादलेला बनावट आजार' अशा अर्थाचं झालंय. आम्हाला शिकताना यातलं काही सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगितलं होतं, पोराची खबर आईला सगळ्यात आधी कळते, तिचं ऐका. ते नव्व्याण्णव वेळा खरंच असतं.

कादंबरीत एक नर्स आहे. मॅरियनच्या जुन्या फाइलमध्ये तिची नोंद सापडते. त्या बाईनं त्या काळी पाहिलं होतं, ओळखलं होतं, लिहूनही ठेवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. कॅमिल जाऊन तिला भेटते. सगळं मिळून मोजकीच पानं. समीक्षा लिहिणारे या नर्सबद्दल बोलत नाहीत, बोलायचं कारणही नाही. मी मात्र ती पानं तीनदा वाचली.

कारण माझीही एक नोंद आहे, कुठल्या तरी रेकॉर्ड रूममध्ये, वाळवीनं खाल्ली नसेल तर. पाच-सहा वर्षांचा मुलगा, जुलाबासाठी तिसऱ्यांदा ॲडमिट. कल्चर कोरं, म्हणजे तपासणीत जंतू नाहीत. सलाइन लावलं की सुधारायचा, पुन्हा सुरू. आई म्हणजे अख्ख्या वॉर्डाची लाडकी. शेजारच्या कॉटवरच्या बाईला डबा द्यायची, आम्हा सिस्टरांना संक्रांतीला आठवणीनं तिळगूळ. एकदा तिला कुणाच्या तरी तेराव्याला गावी जावं लागलं, आजी येऊन बसली. दोन दिवसांत पोरगं खडखडीत, कॉटवर उभं राहून पंख्याची दोरी ओढतंय. आई रात्री दहाला परतली. पहाटे चारला जुलाब. माझी नाइट होती. मी नोट्समध्ये लिहिलं, 'आई गैरहजर असताना जुलाब नाहीत. आई आल्यावर सहा तासांत पुन्हा सुरू.' एवढंच. संशय वगैरे शब्दही नाही.

दुसऱ्या दिवशी मेट्रननी बोलावलं. फाइल समोर होती. त्यांनी एकच विचारलं, "सिस्टर, तुम्हाला मुलं आहेत का?" तेव्हा नव्हती. पुढची दोन वाक्यं ऐकायची गरजच उरली नाही. त्या आठवड्यात आईनं सही करून मुलाला घरी नेलं, आमच्या भाषेत 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज.

आणि खरं सांगू, मला आजही माहीत नाही. आजी त्याला मऊ भात आणि ताक देत होती, आई ग्लासभर दूध पाजायची. दुधानंही तसं होऊ शकतं. ही शंका मला पुढं पाच-सात वर्षांनी आली, एका दुसऱ्याच मुलाच्या वेळी. कादंबरीतल्या नर्सला खात्री होती, लेखिकेनं ती दिली. मला कुणी दिली नाही. पुस्तकाशी माझं भांडण असेल तर ते हेच, की प्रत्यक्षात ते इतकं स्वच्छ दिसत नाही. माझी आजी सहाणेवर गुटी उगाळायची, प्रत्येक मुळीचे वळसे मोजून. जायफळाचे वळसे पोराच्या वयाप्रमाणं. पण ज्या दिवशी घरात पाहुणे असत आणि कामाचा डोंगर असे त्या दिवशी जायफळाचा एक वळसा जास्त पडायचा, म्हणजे पोर झोपेल. त्याला कुणी विष म्हटलं नाही. मीही म्हणत नाही. पण सेवा आणि ताबा यांच्यातली रेघ कुठं असते, हे मी पूर्वी इतकं बोट ठेवून पाहिलं नव्हतं, ते या पुस्तकानं पाहायला लावलं.

आता तक्रारी.

पोलिसाचं प्रेमप्रकरण. कॅन्सस सिटीहून आलेला डिटेक्टिव्ह आणि कॅमिल यांच्यात जे काही चालतं त्यात मला कवडीचा रस वाटला नाही. तो माणूस कथानकाच्या सोयीसाठी येतो नि जातो. कॅमिलचं पिणंही फार. प्रत्येक दुसऱ्या पानावर बाटली उघडते, शेवटी शेवटी मी बाटल्या मोजायला लागले. गावातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी सगळ्या एका साच्यातल्या, नावं बदलली तरी फरक पडू नये. त्यांच्याबद्दल लेखिकेच्या मनात तुच्छता आहे आणि ती लपत नाही.

कातडीवरच्या शब्दांची कल्पना अफाट आहे, पण पहिल्या पुस्तकाचा हव्यास तिथंच दिसतो. दर प्रसंगाला एक शब्द खाजलाच पाहिजे का? दहा ठिकाणी ठेवले असते तर अंगावर काटा आला असता. पन्नास ठिकाणी आले, तेव्हा पुढचा कुठला शब्द असेल याचा अंदाज बांधायचा खेळ होतो.

आणि शेवट. उलगडा जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. आधीच्या सगळ्या खुणा जागच्या जागी सापडतात. मी मागं जाऊन पडताळल्या, एकही खोटी नाही. पण तो इतक्या घाईत उरकलाय की लग्नाचं जेवण आटोपताना वाढपी शेवटच्या पंगतीला करतात तसं झालंय. अडीचशे पानं ताटकळत ठेवायचं आणि खरा घास शेवटच्या काही पानांत कोंबायचा? तिथं मला आणखी वीस पानं हवी होती. भाची म्हणते, "मावशी, ती घाई मुद्दामच आहे, धक्का बसायला." असेल. मला ती पहिलटकरणीची घाई वाटली.

भाषेबद्दल मात्र तक्रार नाही. माझ्यासारखीला जमेल असं इंग्रजी आहे, वाक्यं तोकडी, चावरी. शब्दकोश फारसा लागला नाही, आणि लागला तो बहुधा शिव्यांसाठी. डुकरांच्या कारखान्यातला एक प्रसंग आहे. माद्या पिंजऱ्यात आडव्या पाडलेल्या, हलता येत नाही, पिलं एकामागून एक लुचायला सोडतात, आणि ॲमा ते टक लावून बघते. दोन-अडीच पानांचा तुकडा. त्यात खून नाही की रहस्य नाही, पण अख्खी कादंबरी त्यात आहे. असं पान लिहिणारी बाई पुढं मोठी होणार हे 2006 मध्येही कळायला हवं होतं.

2018 मध्ये यावर आठ भागांची मालिका निघाली, एमी ॲडम्स कॅमिल आणि पॅट्रिशिया क्लार्कसन आई. मी भाचीच्या टॅबवर तीन भाग पाहिले. आई झालेली बाई लाजवाब आहे, नुसता ग्लास पुढं करते तरी पोटात गोळा येतो. पण मालिका फार रेंगाळते आणि सगळं काळोखात चित्रित केलंय. माझ्या मोतीबिंदूला ते झेपलं नाही. पुस्तक आधी वाचा.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. ब्लेडनं स्वतःला कापून घेण्याची वर्णनं यात आहेत आणि ती सविस्तर आहेत. वॉर्डात अशा मुली मी ड्रेसिंग करताना पाहिल्यात, बाही ओढून हात लपवणाऱ्या. तुमच्या घरात कुणी त्या दिवसांतून जात असेल, किंवा तुम्ही स्वतः जात असाल, तर हे पुस्तक आत्ता नको. रहस्यकथा काय, पुढच्या वर्षीही तीच राहील. दिवस गेलेल्या बायकांनीही टाळावं, हे मात्र माझं बायकी मत, पटलं तर घ्या.

बाकीच्यांना मी हे पुस्तक देईन, पण रात्री नऊनंतर उघडू नका असं बजावून. पाचपैकी पावणेचार. पाव गुण प्रेमप्रकरणाचा कापला, पाव बाटल्यांचा, पाऊण शेवटच्या घाईचा. नर्सच्या त्या पानांना वेगळे गुण द्यायची सोय असती तर दिले असते.

सध्या माझी प्रत एका जुन्या सहकारी सिस्टरकडं आहे. तिची नि माझी कितीतरी वर्षं एकत्र नाइट होती, ती फाइल तिनंही पाहिली होती. काल तिचा फोन आला. निम्म्यावर आलीय. म्हणाली, "अगं, ते पेन्सिलीनं 'हीच!' लिहिलंय ते तू लिहिलंस का?" मी म्हटलं, नाही, आधीपासूनच आहे. बाण चुकीच्या नावाकडं आहे हे मी तिला सांगितलं नाही. मी दोन दिवस फसले, तिनंही फसावं.